बायकांच्या खोलीचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे आणि मी भित्रा आहे. हसू नका. कुलपाला कसली आलीये भीती, असं तुम्हाला वाटेल. दीड शेर वजनाचं लोखंड, पितळी पोट, अंगठ्याएवढी जाड कडी. त्याला कोण काय करणार? मलाही आधी असंच वाटायचं. माझ्यासारखा बढाईखोर पंचक्रोशीत दुसरा नव्हता म्हणा ना! पण एका रविवारी दुपारी असं काही घडलं, की तेव्हापासून कुणी मला दाराला लावायला उचललं तरी माझ्या पोटातल्या पट्ट्या थरथरायला लागतात. तेच आज सांगतो. सांगताना मधेच अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म धुळ्याचा. शालिग्राम लोहार नावाचा एक हट्टी म्हातारा होता, त्यानं मला घडवलं. त्याची एक रीत होती. कुलूप तयार झालं की तो ते ऐरणीच्या कडीत अडकवायचा आणि त्यावर घणाचे वीस घाव घालायचा. उघडलं तर परत भट्टीत. माझ्या आधीची दोन भावंडं अशीच भट्टीत गेली. माझ्यावर वीस घाव झाले, एकविसावाही झाला, पण मी तोंड उघडलं नाही. म्हाताऱ्यानं घाम पुसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हाई कुलूप किल्लीबिगर उघडाव नई." किल्लीवाचून मी उघडणार नाही, हे ऐकून मी असा काही फुगलो की विचारू नका.

पहिली काही वर्षं मी अमळनेरला एका कापसाच्या गोदामावर काढली. तिथं माझं कौतुक व्हायचं. मालक रोज संध्याकाळी मला ओढून बघायचा आणि निर्धास्त घरी जायचा. देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्या वर्षी ते गोदाम बंद झालं आणि मी सरकारी नोकरीत शिरलो. पूर्व खान्देशातल्या एका लहानशा गावी महालकऱ्यांची, म्हणजे धाकट्या मामलेदारांची, कचेरी होती. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. कचेरीच्या मागच्या अंगाला कच्च्या कैद्यांचा, म्हणजे खटला व्हायचा असलेल्यांचा, तुरुंग होता. पुरुषांसाठी तीन खोल्या आणि बायकांसाठी एक. त्या बायकांच्या खोलीला गजांचं दार होतं, आणि त्या दारावर मी.

बायका कैदी तिथं क्वचितच यायच्या. वर्षातले आठ-दहा महिने खोलीत मोडक्या खुर्च्या नाहीतर जुनी दप्तरं पडलेली असायची. माझ्या किल्लीच्या भोकात एका कोळ्यानं संसार थाटला होता. मी रिकामटेकडा लटकून गोदामाचे दिवस आठवायचो. कुणी तेलाचा थेंबही घालत नव्हतं.

बाई कैदी आली की मात्र एक नियम सुरू व्हायचा. बायकांच्या खोलीची किल्ली पहाऱ्यावरच्या पुरुष शिपायांकडे ठेवायची नाही. ती अव्वल कारकुनानं स्वतःच्या अंगावर बाळगायची, आणि दार उघडताना राखणीची बाई हजर हवी. नियम चांगलाच होता, मित्रांनो. आतल्या बाईला कुणी त्रास देऊ नये म्हणूनच तो केलेला होता. दुसरी किल्ली खजिन्यात असायची आणि खजिन्याची किल्ली महालकरी साहेबांजवळ.

अव्वल कारकून होते चुडामण नाना. फार जपणारा माणूस. किल्ली खिशात ठेवली तर पडेल, टेबलात ठेवली तर विसरेल, म्हणून ते ती आपल्या कमरेच्या करदोट्याला बांधून ठेवायचे. मला उघडायचं झालं की आधी धोतराचा घोळ बाजूला करायचे, मग गाठ सोडायचे, आणि तोवर राखणीची बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. शिपाई गालातल्या गालात हसायचे. नानांना त्याचं काही वाटत नव्हतं. "पाच वर्षांत एकदा तरी किल्ली हरवली का?" असं ते विचारायचे. खरंच, एकदाही हरवली नव्हती.

राखणीची बाई म्हणजे मंजुळा अक्का. कचेरीमागच्या गल्लीत राहणारी विधवा. बाई कैदी आली की तिला रोजावर बोलवायचे. तिचा आवाज मोठा आणि जीव त्याहून मोठा.

१९५३ सालचा वैशाख होता. खान्देशातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी माझ्या अंगाला हात लावला तर फोड यायचा. अशा एका दिवशी पोलिसांनी एका पोरसवदा बाईला आणलं. नाव बेबाबाई. तापीकाठच्या खेड्यातल्या शेतकऱ्याची सून. तेव्हा दारूबंदीचा कायदा कडक झाला होता. तिचा नवरा निंबा घरी चोरून मोहाची दारू गाळायचा. धाड पडली तेव्हा तो केळीच्या मळ्यातून पसार झाला आणि भट्टीवरच्या मडक्याशेजारी ही सापडली. तिनं त्या मडक्याला हातही लावला नव्हता. पण सासरा शेतावर गेलेला, घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिलाच धरलं.

तिच्याबरोबर तिचा सासरा तोताराम आबा आला होता. डोक्यावर पांढरं पागोटं, हातात काठी, मान खाली. चुडामण नानांनी वही उघडली आणि नेहमीचे प्रश्न वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, वय. मग म्हणाले, "काही आजार? खरूज? खोकला? गरोदर?"

आता मला सांगा, सासऱ्यासमोर कोणती सून या प्रश्नाचं उत्तर देईल? ज्या घरात सून सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, ती भरल्या कचेरीत "हो, मी पोटुशी आहे" म्हणेल? बेबाबाईनं पदर आणखी पुढे ओढला आणि ती गप्प राहिली. आबांना काहीच ठाऊक नव्हतं. सासू पूर्वीच वारलेली, आणि असलं काही पुरुषांच्या कानावर घालायचं कुणी? ते कानकोंडे होऊन म्हणाले, "नई, नई, तसं काही नई." नानांनी टाक बुडवला आणि लिहिलं, 'नाही'. मी दारावरून हे ऐकलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कट् करून मी बंद झालो आणि आबा निघून गेले.

बेबाबाई फारशी बोलायची नाही. ज्वारीची भाकरी अर्धी खायची, अर्धी चिमण्यांना टाकायची. लुगडं ढगळ नेसायची. दिवसभर भिंतीला टेकून बोटांची कांडी मोजायची. तिचा हिशेब असा होता, की पुढच्या गुरुवारी कोर्टाची तारीख आहे, त्या दिवशी जामीन होईल, आणि मग ती पहूरला माहेरी जाईल. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं. तिला वाटत होतं अजून महिना आहे. आठवा चाललाय की नववा, तिचं तिलाच नक्की ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी अक्काच्या लक्षात आलं. बेबाबाई नखानं भिंतीचा चुना खरवडून खात होती. अक्कानं गजातून हात घालून तिच्या पोटावर ठेवला. ती तशीच नानांकडे गेली.

"नाना, पोरीले दिवस शेत. पोट खाले सरकेल शे. तिले दवाखानामा धाडा."

नाना दचकले. वही उघडून बघितली. "इथं तर 'नाही' लिहिलंय," ते म्हणाले. "आता खोडायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी लागेल अक्का. डॉक्टर सोमवारी येतील. मी साहेबांनाही आजच लिहितो." त्यांनी खरंच लिहिलं. साहेब फिरतीवर गेलेले, कागद त्यांच्यामागं गेला. नाना वाईट नव्हते हो. पण सोमवार तीन दिवस लांब होता आणि पोटातलं मूल वही वाचत नव्हतं.

रविवार उजाडला. नानांच्या भाच्याचा साखरपुडा नरडाण्याला होता. सकाळी दहाला त्यांनी दार उघडलं, अक्कानं भाकरी आणि पाण्याचं मडकं आत ठेवलं, नानांनी मला लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. संध्याकाळच्या गाडीनं, कैद्यांच्या गिनतीच्या आत परत येणार होते. किल्ली अक्काकडे द्यावी, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ती कमरेला असायची, ती कमरेलाच राहिली आणि गाडीत बसून नरडाण्याला गेली.

बाराच्या सुमाराला बेबाबाई कण्हायला लागली. आधी मला वाटलं, उन्हानं पोटात मुरडा आला असेल. मग तिनं दोन्ही हातांनी गज धरले. गज हलले, कोयंडा हलला, मी हललो. तिच्या हाताचा थरथराट माझ्या अंगात उतरला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी कधी घाबरलो नव्हतो. तेव्हा पहिल्यांदा घाबरलो.

अक्का धावत आली. खाली फरशीवर पाणी होतं आणि ते मडक्यातलं नव्हतं. अक्कानं बोंब ठोकली. पहाऱ्यावर धनसिंग हवालदार होता. पन्नाशी उलटलेला, पिळदार मिशांचा, नियमाला एकदम पक्का. त्यानं बघितलं आणि मिशा जागच्या जागी ढिल्या पडल्या.

"उघाड ना दार!" अक्का ओरडली.

"कशावरी उघाडू? किल्ली नाना लई गया."

दुसरी किल्ली खजिन्यात, आणि खजिन्याची फिरतीवरच्या साहेबांजवळ. त्यानं एक शिपाई नानांना आणायला स्टेशनवर पिटाळला आणि दुसरा नगरपालिकेच्या दवाखान्यात. स्टेशनवरचा परत आला तो सांगत, की संध्याकाळपर्यंत गाडीच नाही. दवाखान्यातून नर्स प्रमिलाबाई आल्या. हातात पेटी, कपाळावर घाम. "दार उघडा," त्या म्हणाल्या. धनसिंगनं माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मला बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. त्या तिथेच फरशीवर गुडघे टेकून बसल्या.

गजांमधलं अंतर चार बोटांचं. हात कोपरापर्यंत कसाबसा जायचा, पुढे नाही. "बेबाबाई, माझ्याकडे सरक. अशी. पाठ इकडे नको, पोट इकडे कर." प्रमिलाबाई हळूहळू बोलत होत्या. त्यांनी पेटीतून एक लाकडी नळी काढली, गजातून तिच्या पोटावर टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. त्यांचा गाल माझ्या अंगाला टेकला होता. उन्हानं तापलेल्या लोखंडाचा चटका त्यांना बसलाच असेल, पण त्या हलल्या नाहीत.

"पोर जिवंत आहे," त्या म्हणाल्या. अक्कानं हात जोडले. "पण बाई फार घाबरलीये. सगळं अंग आखडून धरलंय तिनं."

एक वाजला, दोन वाजले. कळा यायच्या आणि जायच्या, मूल काही पुढे सरकेना. बेबाबाईचा आवाज बसला होता. तिचे डोळे माझ्यावर खिळले होते. मित्रांनो, त्या डोळ्यांना मी अजूनही घाबरतो. ती गज धरून म्हणाली, "अक्का, हाई कुलूप उघाडा व. हाई बंद शे तोपावत मनं पोर येवाव नई. मी मरी जासू व माय!"

तुमच्यापैकी खेड्यातल्या मुलांना ठाऊक असेल. आमच्याकडे बाई अडली की घरातल्या आजीबाई उठतात आणि पेट्यांची, कोठ्यांची, दारांची सगळी कुलपं उघडतात. गोठ्यातल्या गुरांची दावी सोडतात. बाईची वेणी मोकळी करतात, अंगावरची प्रत्येक गाठ सोडतात. एकही गाठ, एकही कुलूप बंद राहू द्यायचं नाही. तसं केलं की मूल सुटतं, असं म्हणतात. बेबाबाईनं हे लहानपणापासून बघितलेलं. आणि आता तिच्या डोळ्यांपुढे, हातभर अंतरावर मी लटकत होतो, तोंड मिटून.

धनसिंग म्हणाला, "बाई, हाई खरं ऱ्हास का?"

"मूल कुलपानं अडत नाही, हवालदार," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पण भीतीनं अडतं. आणि मला आत जाता येत नाही, त्यानंही अडतंय. हे कुलूप तोडा."

धनसिंग मागं सरकला. "सरकारी कुलूप शे, बाई. कैदी पळाले का म्हणी इचारतीन. मनी पेन्शनले दीड वरीस ऱ्हायनं." तो वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता. त्या दुपारी तिथं प्रत्येक जण कशाला ना कशाला घाबरत होता.

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग एकदम वळली. "तू नको उघाडू. मी मनी पेटी उघाडी येस," असं म्हणून ती तरातरा गल्लीत गेली. तिनं आपल्या लुगड्यांच्या पेटीचं कुलूप उघडलं. शेजारणीनं विचारलं, काय झालं? अक्कानं सांगितलं. त्याच शेजारणी दोन दिवसांपूर्वी बेबाबाईला 'दारूवाली' म्हणून नाकं मुरडत होत्या. पण बाई अडली म्हटल्यावर कोण मागं राहतं? एकीनं धान्याची कोठी उघडली, दुसरीनं घराचं दार. कुणी गाय सोडली, कुणी बकरी. दुपारच्या झोपेतून नवरे उठून बसले आणि त्यांच्या उशाखालच्या किल्ल्या निघून गेल्या. मारुतीच्या देवळाचा गाभारासुद्धा उघडला म्हणे.

इकडे पुरुषांच्या खोल्यांमधले कैदी सगळं ऐकत होते. सकाळी पत्ते कुटताना आरडाओरडा करणारी ती माणसं चिडीचूप झाली होती. त्यांच्याजवळ उघडायला काय असणार? त्यांनी आपल्या बंड्यांचे बंद सोडले आणि मुंडाशी सोडली.

प्रमिलाबाईंनी पुन्हा नळी लावली. या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि खूप वेळ ऐकलं. मी त्यांच्या गालाजवळ होतो. "मंद पडतंय," त्या अगदी हळू म्हणाल्या. "पोराचं काळीज मंद पडतंय. डोकं दिसतंय, पण पुढे येत नाही. नाळ मानेला असणार. मला दोन्ही हात आत हवेत." मग त्यांनी हात पुन्हा गजातून घातला. बोटं पोहोचली, पण वळेनात.

तेवढ्यात गल्लीतल्या बाया आल्या. वीसेक असतील. कुणाच्या हातात पेटीचं लहान कुलूप, कुणाच्या हातात खळ्याच्या दाराचं भलंमोठं. सगळी माझी भाऊबंदं, सगळ्यांची तोंडं उघडी. त्यांनी ती एकेक करून धनसिंगच्या पायाशी ठेवली. अक्का म्हणाली, "आमी बठ्ठा कुलपं उघाडी टाकात, हवालदारभाऊ. आते तुमनं एकच ऱ्हायनं."

धनसिंगनं पायाशी बघितलं. मग त्यानं डोक्यावरची सरकारी पगडी काढून खुंटीला अडकवली आणि घण मागवला.

मित्रांनो, मला आनंद झाला. खरंच सांगतो! मला वाटलं, आता एका घावात मोडून पडावं. घण बसला आणि माझं अंग झिणझिणलं. दुसरा बसला. तिसरा. दर घावाला आतून बेबाबाई किंचाळत होती. मी माझ्या पट्ट्यांना विनवलं, सुटा गं बायांनो, सुटा! पण शालिग्राम म्हाताऱ्यानं त्या अशा काही बसवल्या होत्या, की जागच्या हलल्या नाहीत. दहा घाव झाले. बारा झाले. ज्या मजबुतीची मी आयुष्यभर बढाई मारली, ती त्या पोराच्या जिवावर उठली होती. मला माझीच इतकी भीती वाटली, की ती शब्दांत सांगता येत नाही.

"लवकर!" प्रमिलाबाई ओरडल्या. शांत बोलणाऱ्या त्या बाई पहिल्यांदाच ओरडल्या.

तेव्हा पुरुषांच्या खोलीतून एक आवाज आला. तिथं नथ्थू नावाचा एक घरफोड्या होता, चार वेळा तुरुंगवारी केलेला. गजाला तोंड लावून तो म्हणाला, "हवालदारसाहेब, कुलूपना नाद सोडा! ते तुटाव नई. कोयंडा उपाडा, कोयंडा! चौकट सडेल शे!"

धनसिंगनं घण फेकला आणि पहार उचलली. कोयंड्यामागं टोक घातलं आणि सगळं अंग रेटलं. लाकूड करकरलं. आणखी दोन शिपाई लागले. एक खिळा निघाला, दुसरा निघाला, आणि कोयंडा चौकटीतून उपटून आला. मी त्याच्याबरोबर फरशीवर आपटलो. तरी मी बंदच होतो. दार मात्र उघडलं.

"उघाडनं व माय, उघाडनं!" अक्का आत शिरता शिरता ओरडली.

प्रमिलाबाई आत धावल्या. पुरुष सगळे पाठ फिरवून उभे राहिले. मी दाराशी पडलो होतो, मला पाठ फिरवता येत नव्हती. बायांनी लुगड्याचा आडोसा धरला. मला फक्त आवाज ऐकू येत होते. "दोन वेढे आहेत. कात्री. धर तिला. आता जोर लाव, बेबाबाई, आता!" मग एक लांबलचक आवाज, बाईचा. मग काहीच नाही.

मूल आलं होतं आणि रडत नव्हतं.

चापट्यांचा आवाज आला. एक, दोन. प्रमिलाबाई पोराच्या तोंडात फुंकर घालत होत्या. अक्का देवाचं नाव घेत होती, तिनं तेही थांबवलं. बेबाबाई विचारत होती, "रडस का? रडस का माय?" प्रमिलाबाईंनी पुन्हा फुंकर घातली. शिपाई, कैदी, गल्लीतल्या वीस बाया, कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. माझा जीव तर केव्हाच टांगणीला लागला होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला. मग जरा मोठा. मग तर तिनं सगळी कचेरी डोक्यावर घेतली. मुलगी होती.

पुरुषांच्या खोल्यांमधून टाळ्या वाजल्या. धनसिंग भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. नथ्थू सगळ्यांना सांगत होता की अक्कल त्याची होती.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज भित्रा राहिलो नसतो. पण संध्याकाळी चुडामण नाना आले. हातात पेढ्यांचा पुडा. दार उखडलेलं, फरशी धुतलेली, आणि आत बाजेवर बाळंतीण. पुडा त्यांच्या हातून गळाला. त्यांनी कमरेची किल्ली चाचपली आणि ते तिथेच पायरीवर बसले. अक्कानं त्यांना सगळं सांगितलं.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "नाना, हिला दवाखान्यात न्यायला हवं. अजून रक्त जातंय. कमी आहे, पण जातंय."

"साहेब उद्या सकाळी येतील," नाना म्हणाले. "त्यांच्या हुकुमाशिवाय कच्ची कैदी बाहेर नेली, तर ती पळाली असं धरतील. पुन्हा तिच्यावरच कलम लागेल."

कचेरीचा सुतार आला. त्यानं चौकटीत नवा, लांब खिळ्यांचा कोयंडा ठोकला. नानांनी करदोट्याची गाठ सोडली, मला उघडलं, आणि मी पुन्हा दारावर लटकलो. गिनतीची वेळ झाली. धनसिंग म्हणाला, "बायका..." आणि थांबला. वहीत एक होती. खोलीत दोन होत्या. दुसरीचं वय चार तास, तिच्या नावाचं वॉरंट नव्हतं, तिला नावच नव्हतं. नानांनी टाक उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि 'एक' लिहिलं.

मला लावायची वेळ आली. मी म्हणत होतो, नको. आत रक्त जातंय, आत चार तासांचं लेकरू आहे, मला लावू नका. पण कुलपाचं कोण ऐकणार?

तेव्हा अक्का पांघरूण घेऊन आत शिरली आणि बाजेशेजारी बसली. "माले बी आत कोंडा," ती म्हणाली. "आते लावा तुमनं कुलूप."

नानांनी मला लावलं. नेहमीसारखं ओढून बघितलं. मग किल्ली हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. करदोट्याकडे त्यांचा हात गेला नाही. त्यांनी गजातून हात आत घातला आणि किल्ली अक्काच्या तळहातावर ठेवली. धनसिंग ते बघत होता. वहीत ते कुणी लिहिलं नाही.

रात्रभर मी दारावर जागा होतो. आत जरा हालचाल झाली की मी कान टवकारायचो. पण बेबाबाई तगली. सकाळी साहेब आले, बघितलं आणि आधी दवाखान्याचा हुकूम लिहिला, मग सगळ्यांवर ओरडले. गुरुवारी कोर्टानं तिला जामीन दिला. तोताराम आबा बैलगाडी घेऊन आले आणि नातीला पागोट्याच्या कापडात गुंडाळून घेऊन गेले. अक्का सांगत होती, की बेबाबाई पहूरला माहेरी गेली. धनसिंगकडून खुलासा मागवला. त्यानं एकच ओळ लिहून दिली, की दार मी उखडलं आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उखडेन. त्याची एक वेतनवाढ थांबली, पेन्शन मात्र मिळाली.

मी आणखी सहा वर्षं त्या दारावर होतो. आता कचेरीच्या फडताळात पडलोय. किल्ली गंजली, पट्ट्या गंजल्या. तरी बाहेर कुणाची पावलं वाजली की मला धडकी भरते. वाटतं, आपल्याला पुन्हा एखाद्या दाराला लावणार. त्या दारामागं कोण असेल, तिचे किती दिवस भरले असतील, ते कुणी विचारलं असेल का, मला कसं कळणार?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही ना काही मागतात. कुणी म्हणतं मला पुसा, कुणी म्हणतं मला तेल घाला. मला तेल नको. तुमच्यापैकी उद्या कुणी हवालदार होईल, कुणी कारकून, कुणी साहेब. तुमच्या हातानं माझ्यासारखी कुलपं लागतील, ती लावावीही लागतील. पण आत एखादी पोटुशी बाई असेल तर तिला आधी दवाखाना दाखवा, मग खोली दाखवा. किल्ली तिच्यापासून लांब नेऊ नका. आणि वेळ आली, आतून हाक आली आणि किल्ली सापडत नसेल, तर नियम काय म्हणतो, सरकार काय म्हणेल, हे विचारत उभे राहू नका. आत दोन जीव असतात. मला तोडा.